आधी पान घे

गावभाग, सांगली
रविवार, रात्र

प्रिय पोरी,

दुपारी तू गेलीस आणि तुझा चहा तसाच राहिला. “रद्दीला पंचेचाळीस हजार?” असं तुझे बाबा म्हणाले तेव्हा तू गप्प झालीस आणि मीही काही बोललो नाही. मुलीने पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवलेले पैसे कागदावर घालवू नयेत असं बापाला वाटणारच. त्यांची समजूत तू घाल, ते माझ्याच्याने व्हायचं नाही. मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंय, कारण त्या प्रश्नाने मला आज झोप येत नाहीये.

फोनवर दोन फोटो दाखवलेस. एकात मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे १६० अंक ओळीने लावलेले, पिना गंजलेल्या पण मुखपृष्ठं झकास. दुसऱ्यात एकच पान, चित्रकाराने हाताने काढलेलं मूळ. बंद पडलेल्या मासिकातल्या ऐतिहासिक चित्रकथेचं. कडा पिवळ्या पडलेल्या, फुग्यांतला मजकूर कापून चिकटवलेला, एक फुगा निसटून गेलेला, आणि घोड्याच्या पायाशी पांढऱ्या रंगाचा जाड थर. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. “काका, एकशे साठ घेऊ की एक?”

आधी पान घे. अंक पुन्हा मिळेल, पान पुन्हा मिळणार नाही.

एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं, पण जाताना जिन्यात तू म्हणालीस, “१६० अंक म्हणजे अख्खं लहानपण आहे हो काका.” ते लहानपण माझं आहे, तुझं नाही. इंद्रजाल १९९० साली बंद पडलं, तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. तासगावच्या आजोबांच्या माळ्यावर तुला पाचपन्नास अंक सापडले आणि तिथून तू वेडी झालीस, हे मला माहीत आहे. त्या वेडाला मी काही म्हणत नाही. पण जे मला हवं होतं ते गोळा करण्यात तुझे पैसे जाऊ नयेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

१९६४ साली टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल सुरू केलं तेव्हा अंक ६० पैशांना होता. आमच्या घरात मुलाला वाचायला म्हणून कुणी ६० पैसे देत नसे. मी एसटी स्टँडजवळच्या एका दुकानातून भाड्याने घ्यायचो, तिथल्याच पायरीवर बसून वाचायचो आणि परत द्यायचो. नोकरी लागल्यावर ठरवलं, जे जे भाड्याने वाचलं ते सगळं विकत घ्यायचं. वर्षानुवर्षं घेत गेलो. एकेका नंबरासाठी मिरज, कोल्हापूर, पुणे केलं. ३४० अंक झाले होते.

त्या अंकांमागचा प्रकार मला फार उशिरा कळला. ली फॉकचा वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, १९३६ पासून अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोजची एक पट्टी असा छापून येत होता. त्या पट्ट्या इकडे यायच्या, चौकटी कापून-जोडून अंकाच्या मापात बसायच्या, वेताळाच्या बंगाला देशाचं डेंकाली व्हायचं, फुग्यांत मराठी भरलं जायचं. मी छातीशी धरलेला अंक ही छपाईची छपाई होती. इथल्या हाताने त्यात काढलेलं काय, तर मुखपृष्ठं, आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा नायक बहादूर. बहादूर कागदावर उतरवला गोविंद ब्राह्मणियांनी, पुष्कळशी मुखपृष्ठंही त्यांचीच. त्यांचं मूळ मुखपृष्ठ कधी खात्रीने समोर आलं तर उसने पैसे काढ, पण सोडू नकोस. आणि आतल्या वेताळाचं “ओरिजिनल पान” मुंबईत सापडलं म्हणून कुणी घेऊन आला तर त्याला चहासुद्धा विचारू नकोस. ती पानं अमेरिकेत काढलेली आहेत. इथे आल्या त्या प्रती.

हे सगळं मला कळायला उशीर व्हायचं काही कारण नव्हतं. माझ्याइतकं जवळून बघणारा गावात दुसरा कोण होता? १९७४ साली मी इथल्या एका छापखान्यात कॅमेरा खात्यात लागलो. मूळ चित्र माझ्यासमोर बोर्डावर टाचलं जायचं. छापायच्या मापाच्या दीडपट, कधी दुप्पट, आयव्हरी कार्डावर काळ्या शाईने काढलेलं. मोठं काढून लहान केलं की रेघ आवळून येते, ठाशीव दिसते. समासात लिहिलेलं असायचं, “रुंदी ३० एम करा.” एम हे छपाईतलं माप. कच्ची रेघ पुष्कळ चित्रकार फिकट निळ्या पेन्सिलीने मारायचे, कारण आमच्या लिथो फिल्मला फिकट निळा आणि पांढरा सारखाच; फोटो काढला की निळी रेघ नाहीशी. चुकलेलं पोस्टर व्हाइटने झाकायचे, तेही नाहीसं. निगेटिव्ह निघाली, जस्ताचा ब्लॉक आम्लात खोदून झाला, की चित्राचं काम संपलं. भेळ खाऊन झाल्यावर कागदाचं जे होतं तेच त्याचं व्हायचं.

तुझ्या फोटोतल्या घोड्याकडे पुन्हा बघ. पुढचा उजवा पाय त्या चित्रकाराने आधी जमिनीवर टेकवला होता. मग त्याला वाटलं असणार, नाही, हा घोडा अजून थांबलेला नाही. म्हणून तो पाय पांढऱ्याखाली घातला आणि गुडघ्यात दुमडून नवा काढला. तू फोटो खिडकीशी तिरका धरून काढलास म्हणून पांढऱ्याखालचा पहिला पाय उठून दिसतोय. छापलेल्या अंकात फक्त दुमडलेला पाय आला. त्या अंकाच्या हजार प्रती निघाल्या असोत नाहीतर दहा हजार, टेकलेला पाय त्यातल्या एकाही प्रतीत नाही. घोडा थांबवू की पळवू, हा विचार जगात एकाच कागदावर आहे आणि तो कागद तुला ४५ हजाराला मिळतोय. आणि तू मला विचारतेस!

रागावू नकोस. राग तुझ्यावर नाहीच.

दर खंडेनवमीला छापखाना धुऊन निघायचा. यंत्रांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, आणि त्याआधी दोन दिवस आवराआवर. कॅमेरा खोलीतल्या खालच्या खणात वर्षभराची चित्रं साठलेली असत. चित्रकाराने मागितली तर द्यायची, नाहीतर रद्दीत. मागायला क्वचितच कुणी यायचं. ती चित्रं मी माझ्या हातांनी पोत्यात भरली आहेत, सुतळीने तोंड बांधलंय, रद्दीवाल्याच्या गाड्यावर चढवलंय. कथाचित्रं, व्यंगचित्रं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, मुलांच्या मासिकातल्या चित्रमालिका. मालकांनी सांगितलं म्हणून केलं हे खरं. पण हात एकदाही अडला नाही, हेही खरं. आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन त्याच हातांनी मी इंद्रजालचे अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून नंबरवार लावत होतो.

१९९१ च्या खंडेनवमीला त्यातलं एक पान मी घरी आणलं. जपायला म्हणून आणलं असतं तर आज मान वर करून सांगितलं असतं. मुलाच्या परीक्षेच्या पॅडला वरून जाड गुळगुळीत कागद हवा होता, म्हणून आणलं. नदीकाठी दोन माणसांचं भांडण, तीन चौकटी, खाली लांबट चौकटीत एकटी होडी. उलट्या बाजूला पोराने गणितं केली. तेवढं एकच पान बचावलं.

पुण्याची गोष्ट तुला मी अर्धीच सांगितली होती. आज पुरी सांगतो. १९८६ साल. चित्रकथांत ज्यांचं नाव घेतलं की आम्ही छापखान्यातली माणसं हातातलं काम थांबवायचो अशा एका चित्रकाराच्या घरी मी गेलो होतो. नाव लिहीत नाही. टेबलावर पान पडलेलं, अर्धं शाईत, अर्धं पेन्सिलीत. शाईची बाटली कपड्याने गुंडाळलेली, सांडू नये म्हणून. भिंतीशी पानांची चवड, माझ्या गुडघ्याएवढी. मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांचाच एक छापील अंक नेला होता. ते म्हणाले, “छापखान्यातले ना तुम्ही? मग यातलं एखादं घेऊन जा. मला ठेवायला जागा नाही.” आणि चवडीतलं वरचं पान उचलून माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, “नको नको, तुम्ही फक्त या अंकावर सही द्या.”

त्यांनी पान परत ठेवलं, फाउंटन पेन उघडलं आणि सही केली. मिरज येईपर्यंत गाडीत मी ती सही बघत होतो.

का नको म्हणालो? मोठ्या माणसाकडून फुकट काही घ्यायचं नाही, अशी आमच्या घरची शिकवण होती. ती शिकवण वाईट नव्हती. रोज पन्नास चित्रं बोर्डावर टाचणाऱ्याला एकाची काय नवलाई, हेही होतं. शिवाय आमच्या डोळ्यांना ते पान अपुरं दिसायचं. चिकटवलेले फुगे, पांढऱ्याचे थर, अंगठ्याचे काळे ठसे. पुरं झालेलं म्हणजे छापलेलं, रंगीत, पिना मारलेलं, असंच आम्ही समजत होतो, आणि त्या काळात छापखान्यात राहून दुसरं काही समजणं सोपंही नव्हतं. ही सगळी कारणं मी चाळीस वर्षं मनात फिरवली आहेत. एकही कारण ते पान परत आणत नाही. ते चित्रकार गेल्यावर घर रिकामं करताना चवड कुठे गेली, ते मी विचारलं. कुणाला सांगता आलं नाही.

मग २०१९ चा ऑगस्ट. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे होतो. इथे तळमजल्यावर कित्येक दिवस पाणी. परत आलो तेव्हा घरभर चिखलाचा थर आणि तो वास, जो नाकातून अजून गेला नाही. पलंगाखालची ट्रंक उघडेना. न्यूजप्रिंट पाणी पिऊन इतका फुगला होता की झाकण आतून दाबलं गेलं होतं. पहारीने उघडली. ३४० अंकांच्या विटा झाल्या होत्या. मुखपृष्ठाचा गुळगुळीत कागद मुखपृष्ठाला चिकटलेला, मध्ये लगदा. सहीचा अंक मी वेगळ्या पिशवीत ठेवला होता, तो कसाबसा उलगडला. आतली लढाई ओळखू येत होती. सहीच्या जागी निळा डाग. फाउंटन पेनची शाई पाण्यात उतरते, हे छापखान्यातल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं.

परीक्षेचं पॅड स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होतं. हिने इतकी वर्षं त्यावर दुधाचा हिशोब टाचला होता. तेही पाण्याखाली गेलेलं. क्लिप गंजून गेली, मागचा पुठ्ठा हाताला लागला की तुटत होता. पान मी हलक्या हाताने सोडवलं, स्वच्छ पाण्यात बुडवून चिखल जाऊ दिला, जुन्या धोतराच्या घडीत घातलं, वर पाट ठेवला. घडी रोज बदलली. आठव्या दिवशी उघडून पाहिलं. काळी ड्रॉइंग इंक काजळी आणि लाखेची असते. एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. सगळ्या रेघा जागेवर होत्या. गेला होता फक्त पोस्टर व्हाइट, आणि तो गेल्यामुळे खालची झाकलेली रेघ वर आली होती. होडीला आता दोन वल्ही आहेत. एक चित्रकाराने ठेवलेलं, एक त्याने नको म्हटलेलं.

मी पाटावर बसून राहिलो. अठ्ठावीस वर्षं ते पान घरात होतं आणि मला त्याच्यात काय आहे हे पुराच्या पाण्याने दाखवलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत गेलेल्या अंकांतले ११० मला परत मिळाले. कोल्हापूरच्या मित्राने त्याच्याकडच्या जादा प्रती दिल्या, काही पुण्याच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे सापडले. तेच नंबर, तीच चित्रं, फुग्यांत तेच शब्द. अंक पुन्हा मिळाला. मी म्हणतोय ते हेच. होडीचं पान त्या पुरात गेलं असतं तर मी कुठल्या मित्राकडे मागायला जाणार होतो?

तुझा तो पुण्याचा मित्र म्हणतो की जगात सगळ्यात महाग जातात ते अंकच. सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो अंक १९३८ साली १० सेंटला होता आणि २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेला. आकडा बरोबर आहे. पण असं का झालं, ते त्याला विचार. दोन लाख प्रती छापल्या होत्या; मुलांनी वाचून फाडल्या, युद्धाच्या दिवसांत रद्दीत गेल्या, आणि आता शंभरेक उरल्या आहेत असं जाणकार मानतात. म्हणजे अंकाला ती किंमत आली केव्हा? जवळजवळ पानासारखा एकटा पडला तेव्हा. पान तर पहिल्या दिवसापासून एकटंच असतं. १९३६ साली टिनटिनच्या “ब्लू लोटस” या पुस्तकासाठी त्याचा चित्रकार एर्जे याने काढलेलं एक मुखपृष्ठ छपाईला महाग पडेल म्हणून बाजूला पडलं. ते घडी घालून प्रकाशकाच्या लहान मुलाला देऊन टाकलं, असं त्या घरातले सांगत. २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते ३० लाख युरोंच्या वर गेलं, घड्यांच्या खुणांसकट.

पण आकड्यांच्या नादी लागू नकोस. “गुंतवणूक म्हणून कुठलं बरं?” असंही तू दुपारी एकदा विचारलंस. तो शब्द मला टोचला. ज्यांनी लहानपणी वाचलं तेच मोठेपणी विकत घेतात; ती माणसं संपली की भाव कुठे जाईल ते कुणी सांगू नये. पैसे वाढवायचे असतील तर बँकेत ठेव, बाबाही खूश होतील. पान घ्यायचं ते रोज बघायला. तसंच त्या सीलबंद अंकांचं. अंकाला दहापैकी मार्क द्यायचे, कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करायचा आणि मग न उघडता विकत राहायचं. जो अंक उघडायचाच नाही तो अंक कसला? अंक वाचायला असतो. फाटेल इतका वाचावा, दुसऱ्याला द्यावा, परत आला नाही तर दुसरा शोधावा. अंकाला ते चालतं. पानाला चालत नाही.

आता पैसे देण्याआधी काय बघायचं ते सांगतो. पान हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस, फोटोवर तर नाहीच. दहा पट मोठं दाखवणारं भिंग ने. छपाईत राखाडी छटा ठिपक्यांनी बनते; मूळ चित्रात ठिपके नसतात, शाईची रेघ सलग असते आणि टाक जिथे दाबला तिथे ती फुगते. तिरक्या उजेडात धर. पेन्सिलीने कागदावर पडलेली चर दिसली पाहिजे, खोडरबराने कागद जिथे खरवडला तिथे त्याचा तजेला गेलेला असतो. कुणी काचेखाली दिवा लावून गिरवलं असेल तर रेघ भित्री येते, एकाच जाडीची, आणि खाली शोधाशोधीची पेन्सिल नसते. मग उलटी बाजू बघ. छापखान्याचे शिक्के, मापं, अंक-पानाचा नंबर, चहाचा डाग. मी तर पाठ आधी बघतो. रबर सोल्यूशनने चिकटवलेले फुगे तपकिरी डाग सोडतात, त्याला घाबरू नकोस. डाग नसते तर मी घाबरलो असतो. तो निसटलेला फुगा पाकिटात जपून ठेवलाय का, ते विचार. ठेवला असेल तर पानाबरोबर माग, पण स्वतः चिकटवत बसू नकोस.

सेलोटेप लावायची नाही. लॅमिनेशनचं तर नावही काढू नकोस. मी एकाने लॅमिनेट केलेलं मूळ व्यंगचित्र पाहिलंय आणि त्या माणसाशी मग कधी बोललो नाही. आम्लरहित माउंट घालून फ्रेम कर, काच चित्राला टेकता कामा नये, जिथे लावशील त्या भिंतीवर थेट ऊन येता कामा नये. सांगलीत राहणार असशील तर तळमजल्यावर ठेवू नकोस. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फ्रेमची पाठ बघायची, कसर आणि बुरशी तिथून सुरू होते.

एक गोष्ट राहिली, आणि ती लिहायला मला जड जातं. विकणाऱ्याला विचार की पान त्याच्याकडे कसं आलं, आणि ते कागदावर लिहून सही करून घे. पान विकत घेतलंस तरी छापायचा हक्क तुझ्याकडे येत नाही; तो ज्याचा असेल त्याचाच राहतो, आणि आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण त्याहून आधीचा प्रश्न आहे की तो कागद तरी कुणाचा. चित्रकाराला पानाचे पैसे दिले म्हणजे पान आपलं, असं छापणारे सगळीकडे धरून चालत. अमेरिकेत जॅक कर्बीसारख्या माणसाला, ज्याने मार्व्हल कॉमिक्सचे पुष्कळ नायक उभे केले, आपलीच पानं परत मिळवायला १९८० च्या दशकात वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि दहा हजारांहून जास्त पानांतली दोनेक हजार हाती आली. मग माझ्या होडीचं काय? मी ते चोरलेलं नाही. ते रद्दीत निघालं होतं. मी नेलं नसतं तर त्याच आठवड्यात त्याचा लगदा झाला असता. पुरानंतर मी जुन्या सहकाऱ्यांना फोन केले, कोपऱ्यातलं एकच वळणदार अक्षर दाखवलं, कुणालाही चित्रकार आठवला नाही. घरचं कुणी उद्या आलं तर मी ते पान त्यांच्या हातात देईन. हे मी हिलाही सांगून ठेवलंय. तरी रात्री कधी कधी वाटतं की सुतळी बांधणाऱ्याला हे बोलायचा अधिकार आहे का. आहे, असं मी ठरवलंय. ज्याने पोती भरली त्यालाच आत काय होतं ते माहीत असतं.

जमलं तर पैसे देण्याआधी एक दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधला जाऊन ये. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. राजा माणूस, पण स्वतः कुंचला धरणारा. तिथे राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तुझ्या आजोबांच्या देव्हाऱ्यात रविवर्म्याची लक्ष्मी आहे ना, छापील? १८९४ साली त्याने छापखाना काढला म्हणून ती तासगावपर्यंत पोचली. त्या छापील लक्ष्मीला मी कमी लेखत नाही, आमच्या आईनेही तिलाच हात जोडले. पण मूळ चित्रासमोर जरा बाजूला सरकून उभी राहा आणि उजेड रंगाच्या थरावर कसा अडतो ते बघ. मग त्या घोड्याचा फोटो पुन्हा उघडून बघ. किर्लोस्करवाडीही त्याच औंध संस्थानातली. १९२० पासून शंकरराव किर्लोस्करांनी तिथून मासिक चालवलं आणि स्वतः टाकाने व्यंगचित्रं काढली. त्यांचे बांधीव अंक मी वाचनालयात कितीदा चाळलेत. त्यांची मूळ रेघ मात्र मला आयुष्यात एकदाही बघायला मिळाली नाही.

आज पुष्कळ चित्रकार टॅबलेटवर काढतात. चुकलेला पाय बोटाने पुसला की गेला. त्यांचं काम कमी दर्जाचं आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात पानच नसतं. म्हणजे जी पानं आहेत तेवढीच आहेत, आणि त्यातली किती सुतळीने बांधून गेली ते तुला आता सांगितलंच.

अंकांचा मोह सुटत नसेल तर असं कर. माळ्यावर माझे ११० आहेत, पुरानंतर जमवलेले. येशील तेव्हा घेऊन जा. मी ते आता वाचत नाही, डोळे दुखतात. फक्त निळ्या डागाचा एक अंक मी ठेवतो.

उद्या सकाळीच त्या माणसाला फोन कर. पान ठरलं तर गुंडाळी करून आणू नकोस, दोन्ही बाजूंनी ताठ पुठ्ठा लाव, आणि एसटीत वरच्या कप्प्यात न टाकता मांडीवर घे. इथे सकाळी नऊच्या आत पोचलीस तर अंगणात तिरकं ऊन असतं, तासभर टिकतं. भिंग तुझं आण, माझ्याला चीर गेलीय.

तुझा,
काका